सिंहगडावरचं राखाडी आकाश

मंडळी, आज पहाटे मी आईला घेऊन सिंहगडावर गेले होते. फोटोप्रदर्शनासाठी हिवाळ्यातला सूर्योदय हवा होता, आणि फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस.

नेमका अवकाळी पाऊस आला. आईने तिची छत्री माझ्या कॅमेऱ्यावर धरली आणि स्वतः भिजली. दरीत नुसतं राखाडी धुकं.

मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, अ‍ॅपमध्ये छानसा सूर्य टाक. कोणाला कळतंय?"

फोन स्पीकरवर होता. आई पदर पिळत म्हणाली, "सूर्य घरबसल्या मिळत होता, तर मला कशाला भिजवलंस?"

मी राखाडी फोटोच पाठवला. निवड होवो न होवो, तो भिंतीवर आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधराच्या, म्हणजे माझ्या, फोटोशेजारी अभिमानाने लागणार आहे.

तुम्ही कोणता पाठवला असता?