बसची मागची बाजू

ओळखपत्राच्या कचेरीसमोर फोटोवाल्या मावशींचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा कॅमेरा त्यांच्या गळ्यात पडला, तो बावीस वर्षं उतरला नाही. फोटो हातात पडला की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मी असा दिसतो?" मावशी कात्रीनं कडा कापत म्हणायच्या, "कॅमेऱ्यानं पदरचं काही घातलेलं नाही."

एकदा इंग्रजी शिकवणारे एक सर स्वतःचा फोटो बघून हसले. "लाइक द बॅक ऑफ अ बस!"

"म्हणजे हो काय?"

"बसच्या मागच्या बाजूसारखं थोबाड. कुरूप माणसाला इंग्रजीत असं म्हणतात."

मावशींना घबाडच सापडलं. दुसऱ्या दिवसापासून कुरकुरणाऱ्या प्रत्येकाला त्या अदबीनं तेच इंग्रजीतून ऐकवू लागल्या. निम्मे लोक 'थँक्यू' म्हणून जायचे. एका बाईंनी तर खूश होऊन आणखी चार प्रती काढून नेल्या.

"मावशी, मार खाशील एक दिवस," दुकानात हाताखाली असलेल्या भाचीनं बजावलं.

मग एक बसचालक आला. टक्कल, वाकडं नाक, दात मोजके. फोटो बघून तो हळहळला, तशी मावशींनी इंग्रजी फेकलं. नेमकं याला ते कळलं.

"कुठल्या बसची?" तो गुरगुरला. "तोंडाला काय हवं ते म्हणा, ते वडिलांकडून आलंय. पण बस मी स्वतः धुतो. मागनंसुद्धा!"

मावशींनी घाईघाईनं फोटो पाकिटात घालून त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कर्कश हॉर्न वाजला. भरलेली बस दुकानाला पाठ करून उभी होती आणि चालक खाली उतरून ओरडत होता, "या, बघा!"

मावशी कॅमेऱ्यासकट बाहेर आल्या. मागची काच अशी लख्ख की त्यांना त्यात स्वतःचे पुढे आलेले दात दिसले. त्या दातांपायी सासरी त्यांना 'खवणी' म्हणत. लग्नानंतर त्या कॅमेऱ्यापुढे हसल्याच नव्हत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "गाडी देखणी आहे."

चालकाचा चेहरा असा फुलला की मावशींनी पटकन फोटो काढला. त्यानं कॅमेरा मागून घेतला. "आता तुम्ही."

"अहो नको, माझे दात..."

"मला उरलेत त्यापेक्षा बरेच आहेत की!"

"उरका लवकर, कामावर जायचंय!" खिडकीतून कुणीतरी खेकसलं, आणि मावशींना हसू फुटलं. दात सगळेच्या सगळे बाहेर.

फोटोत त्यांचं अर्धं डोकं उडालं होतं. रविवारी प्रत न्यायला आलेल्या चालकाला त्यांनी त्यावरून यथेच्छ झापलं आणि कॅमेरा कसा धरायचा ते शिकवलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"अजून शिकतायत?" भाचीनं डोळे मिचकावले.

"हात फार हलतो त्यांचा," मावशी म्हणाल्या आणि दुसऱ्या कपात चहा ओतला.