बाळाजी भोपीची गळकी सोंड

अंबरनाथच्या बाळाजी भोपीला एकच व्यसन होतं. विडी नाही, ताडी नाही, पत्त्यांना तर तो शिवायचासुद्धा नाही. त्याला व्यसन होतं ते हुबेहूब खऱ्यासारखं करून दाखवायचं. आणि खरं सांगायचं तर ताडी परवडली! ताडी पिणारा निदान सकाळी तरी शुद्धीवर येतो.

बाळाजी कारखान्याच्या सायडिंगवर पाणीवाला होता. स्टेशनापासून कारखान्यापर्यंत रुळांचा एक फाटा गेला होता. त्यावर मालडबे ओढायला एक म्हातारं वाफेचं इंजिन होतं, आणि त्याला पाणी पाजायला रुळाच्या कडेला एक लोखंडी खांब होता. खांबाला कॅनव्हासचा जाडजूड नळा लोंबकळायचा, त्याला सगळे सोंड म्हणायचे. इंजिन आलं की सोंड टाकीत सोडायची, चावी फिरवायची, टाकी भरली की सोंड बाजूला ओढायची. एवढीच काय ती नोकरी. पण बाळाजीचा रुबाब बघाल तर इंजिन जणू त्याच्याच घरी जेवायला यायचं.

ही सोंड होती गळकी. मधोमध फाटलेली, वर चामड्याचं ठिगळ, आणि चावी फिरली की ठिगळाखालून पाण्याची धार. त्या धारेवर फाट्याकडेची अख्खी आळी जगत होती. आळीत नळ नव्हता. नळासाठी अर्ज केलेला, तो वर गेला तो वरच राहिला. विहीर चैत्रात तळ दाखवायची. मग बाळाजीची बायको मोतीबाई, शेजारची नवसी आणि पलीकडची चंद्री हंडे घेऊन सोंडेखाली बसायच्या. ड्रायव्हर तोंड फिरवायचा, मुकादम डोळे मिटायचा, आणि आधी हंडा कोणाचा यावरचं भांडण बाळाजी सोडवायचा. सगळं गुपचूप, सुखात चाललं होतं.

पण सुख बघवतं कुणाला? त्रेपन्न साली आगगाडीला शंभर वर्षं झाली आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबांना उत्साहाचं भरतं आलं. कामगारांनी आगगाडीचे छोटे नमुने करावेत, उत्तम नमुन्याला बक्षीस! कुणी खोक्यांची इंजिनं केली, कुणी काडेपेट्यांचे डबे जोडले. बाळाजीनं आपली सायडिंग करायला घेतली. रूळ, खांब, इंजिन भराभर झालं. घोडं अडलं सोंडेपाशी.

करंगळीएवढी सोंड करणं म्हणजे खायचं काम नव्हे. सुतळी लावली तर ती सुतळीच दिसे. कापडाची नळी शिवली तर ती वातीसारखी मरगळे. शेवटी बाळाजी चालत उल्हासनगर कॅम्प दोनला गेला आणि परसराम या सिंधी सायकलवाल्याकडं व्हॉल्वची बारीक रबरी नळी मागू लागला.

"साईं, सायकल किधर है?" परसरामनं विचारलं.

"सायकल नाय. इंजिन आहे."

"इंजिन में हवा भरेगा?"

"हवा नाय, पाणी!"

परसरामनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं आणि नळी देऊन टाकली. येड्याशी घासाघीस कोण करणार?

बाळाजीनं नळीत तांब्याची तार घातली, वरून जुन्या छत्रीचं कापड चिकटवलं, दोरा गुंडाळला आणि तव्यामागची काजळी तेलात कालवून फासली. मग ती वाकवत बसला. भरलेली सोंड ताठ असते, रिकामी मान टाकते. त्याला हवी होती नुकतीच रिकामी झालेली. ती जमेपर्यंत त्याला जेवणाचं भान नव्हतं. ठिगळासाठी त्यानं मोतीबाईच्या चपलेचा कोपरा कापला. धारेसाठी डिंकाचे थेंब ओघळत ठेवले. आणि खाली मातीच्या तीन बायका बसवल्या, हंड्यांसकट.

मोतीबाईनं वाकून पाहिलं. "आवो, ही मीच ना? नाक केवढं केलंय!"

"खऱ्यासारखं आहे."

त्या दिवशी बाळाजीला कालवणात मीठच नव्हतं. पण मोतीबाई नाकावर थांबणारी बाई नव्हती. "आमाला कशाला बसवलंव तिथं? सायबाच्या नजरंत येल. आमचं पानी जाईल ना!"

"बायका काढल्या तर नमुना खोटा होईल. तुला कलेतलं काय कळतंय?"

झालं! प्रदर्शनात साहेब नमुन्यापुढं थबकले. काडीनं सोंड हलवून पाहिली. "वा! पण ही खालून गळतीय की."

"गळतीयच साहेब!" बाळाजीची छाती फुगली. "खरी पण अशीच गळते. ठिगळ त्याच जागी, धार तीच. बायकापण त्याच."

पहिलं बक्षीस बाळाजीला मिळालं. टाळ्या थांबायच्या आत साहेबांनी स्टोअरकीपरला नवी सोंड मागवायला सांगितली. नळाचा अर्ज दोन वर्षं धूळ खात पडला होता, सोंड आठवड्यात आली. नवी कोरी, करकरीत. मेली एक थेंब गाळील तर शपथ!

मग आळीनं बाळाजीचं काय केलं ते विचारू नका. नवसी त्याला बघून थुंकली. चंद्रीनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. बायका वालधुनी नदीच्या वाळूत झरे उकरायला जाऊ लागल्या. उन्हातून घरी आल्यावर बाळाजीनं पाणी मागितलं, तर मोतीबाईनं त्याच्यापुढं करंगळीएवढी एक सोंड ठेवली. नमुना करताना आधी बिघडलेली.

"पी," ती म्हणाली. "खऱ्यासारखी आहे."

बाळाजीनं ती सोंड उलटीसुलटी करून पाहिली. आपण गाढव आहोत हे त्याला त्या घडीला पुरतं कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चांभाराकडनं आरी मागून आणली आणि नव्या कोऱ्या सोंडेला जुन्याच जागी भोक पाडलं. वर चामड्याचं ठिगळ शिवलं. धार थोडी डावीकडं जात होती, तीही वळवून घेतली. व्यसन ते व्यसनच.

त्याच दुपारी इंजिन पाणी पीत असताना मोठे साहेब मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन सायडिंगवर आले. बक्षिसाचा नमुना शिपायाच्या डोक्यावर. साहेबांनी सोंडेकडं पाहिलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"भोपी! नवी सोंड गळतीय?"

बाळाजी पुढं झाला. नोकरी गेली, हे तर स्पष्टच दिसत होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"साहेब, आपण नमुना पास केलात. नमुन्यात गळती, इथं कोरडी! पाहुणे म्हणतील, साहेबांनी खोट्या नमुन्याला बक्षीस दिलं. आपला शब्द खाली पडू नये म्हणून खरी दुरुस्त करून घेतली."

साहेब काही बोलणार, तोच पाहुणे आनंदानं ओरडले. ते एकदा नमुन्याकडं बघत, एकदा खांबाकडं. "हुबेहूब! ठिगळसुद्धा! काय हो तुमची पारख!"

साहेबांच्या मिशा हळूहळू सरळ झाल्या. "आमच्याकडं सगळं असंच असतं," ते म्हणाले. मग त्यांनी नमुन्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "पण भोपी, नमुन्यात तीन बायका आहेत. इथं एकही नाही. हा काय गलथानपणा?"

बाळाजी धावतच आळीच्या तोंडाशी गेला. "मोते! नवसे! चंद्रे! हंडे घेऊन या! साहेब बोलावतायत!"

मोतीबाई घरातला सगळ्यात मोठा हंडा घेऊन आली, तो सोंडेखाली ठेवला आणि पाहुण्यांसमोर ऐटीत बसली. हंडा भरायला लागला तेव्हा तिनं साहेबांकडं मान वर केली.

"सायेब," ती म्हणाली, "रोज किती वाजता बसायचं?"