रबरावरचं जोडघर

आम्ही पाच जणी एकमेकींना टपालाने ठसे पाठवतो. ठसे म्हणजे कचेरीतले शिक्के नव्हेत. मऊ रबरावर कोरणीने चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची, जाड कागदावर छापायचं आणि तो कागद पाकिटात घालून बाकी चौघींना पाठवायचा, एवढंच. दर महिन्याचा विषय ठरलेला असतो. पाकिटात चिठ्ठी घालायची नाही, फक्त चित्र. बोलायचं असलं तर फोनवर ग्रुप आहे. ज्या वर्गात आमची ओळख झाली तोही फोनवरच भरला होता आणि त्यात सगळ्यांचे कॅमेरे बंद होते. त्यामुळे आम्ही एकमेकींना पाकिटावरच्या हस्ताक्षरावरून ओळखतो, तोंडावरून नाही.

एक गडचिरोलीची, एक चंद्रपूरची, एक भामरागडकडच्या दवाखान्यात नर्स आहे, एक माजरीची आणि मी वरोऱ्याची. वरोऱ्यानंतर गाडीचं पुढचं स्टेशन माजरी. आमच्या घरात याची थट्टा होते.

"अवं, ते माजरीले राह्यते," आमचे हे म्हणतात. "जाऊन देऊन ये ना हातात."

"टपालानंच पाठवायचं असा नियम आहे."

"म्हणजे पत्र आधी नागपूरले जाईन, तिथी संत्री खाईन, आन् मंग तुह्याच घरापासून पुढं माजरीले जाईन. वा!"

नियम मीच केले आहेत, म्हणून मला ते मोडता येत नाहीत. मी एका सोयाबीन व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. बेरीज जुळली की मला बरं वाटतं. ग्रुपमध्येही कोणाला काय पोचलं आणि कोणाचं राहिलं हे पाहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की पाच जणींनी मिळून एकच रबर कोरायचं. एक लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर पाच सारख्या चौकटी आखायच्या. विषय, आपलं घर रस्त्यावरून दिसतं तसं. पट्टी गडचिरोलीहून निघेल, मग चंद्रपूर, मग माजरी, मग भामरागड आणि शेवटी माझ्याकडे. छापली की पाच घरं एका रांगेत येतील. चौकटी मी फूटपट्टीने मोजून पेन्सिलीने आखल्या आणि रबर गडचिरोलीला पाठवलं. एकच अडचण होती. पावसाळा लागला की भामरागडचा रस्ता नदीच्या पाण्याखाली जातो आणि टपाल कधी पोचेल याचा भरवसा उरत नाही. नर्सबाईंनी ग्रुपवर आधीच लिहिलं होतं, "पाण्याआधी पाठवा बाई. नंतर मी इथी आन् तुम्ही तिथी."

पहिल्या दोघींनी वेळेत कोरलं. पट्टी माजरीला गेली, पोचली, आणि तिथेच थांबली.

माजरीची बाई आमच्यात सगळ्यांत नवीन. हात फार चांगला, पण तिच्याकडून एक चूक व्हायची. रबरावर जे कोरतो ते कागदावर उलटं उमटतं, डावं उजवीकडे जातं. म्हणून कोरण्याआधी चित्र पलटवून घ्यावं लागतं. ती पलटवत नसे. 'प्रवास' या विषयावर तिने एस.टी. कोरली होती, तर चढायचं दार ड्रायव्हरच्या बाजूला आलं. ग्रुपवर सगळ्या हसल्या. मी हसले नाही, मी लिहिलं, "दार उलट्या बाजूला आलं आहे. पलटवून घेत जा." तिने उत्तर दिलं, "बरं ताई."

त्यानंतर तिच्याकडून टपालाने एक चाचणीचा ठसा आला, पट्टीवर कोरण्याआधी दुसऱ्या तुकड्यावर कोरून छापलेला. घराचं चित्र होतं. डावीकडे दार, उजवीकडे खिडकी, वर उतरतं छप्पर आणि चित्राच्या डाव्या कडेला सिमेंटचा ओटा, अर्धाच दिसणारा. सुरेख होतं. मग सगळं गप्प झालं. ग्रुपवर काही नाही. फोन वाजायचा, कोणी उचलायचं नाही. ढग दिसायला लागले होते. मला वाटायला लागलं की माझ्या त्या एका ओळीमुळे ती रुसली. मग वाटलं, एवढ्यासाठी कोणी चौघींचं रबर अडकवून ठेवतं का? की ती गावच सोडून गेली? माजरीत खाणीतल्या लोकांच्या बदल्या होतात, कामावरून सुटले की क्वार्टर रिकामं करावं लागतं. काही कळेना.

शेवटी मी तो चाचणीचा ठसा पर्समध्ये घातला आणि सकाळच्या गाडीने माजरीला गेले.

तिचा पत्ता एका किराणा दुकानामार्फतचा होता. दुकानदार वजन करता करताच बोलला, "पूर्ण लाईनीच्या चिठ्ठ्या माह्याच इथं येते बाई. ज्याची त्यानं घेऊन जायची. त्या भाभी येते ना, येते. पण घर कोणतं ते नाई सांगू शकत मी. टाकीकडची लाईन आहे, एवढं खरं."

"बरं. माझ्याकडे चित्र आहे."

त्याने वजनाचं माप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "चित्र?"

मी टाकीकडे निघाले.

टाकीकडची लाईन म्हणजे दोन दोन जोडून बांधलेली क्वार्टरं, एकसारखी, पांढरा चुना मारलेली. मधे एक सामाईक भिंत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन दारं आणि बाहेरच्या टोकांना दोन खिडक्या. ऊन इतकं होतं की बाहेर कुत्रंही नव्हतं. ओटा मात्र एकाच जोडघरासमोर होता, दोन्ही दारांच्या बरोबर मधे. म्हणजे जोडघर सापडलं. आता त्यातलं कोणतं?

मी ठसा हातात धरून विचार केला. चित्रात दार डावीकडे, खिडकी उजवीकडे. तसं पाहिलं तर उजवीकडचं घर. पण ही बाई पलटवत नाही. म्हणजे खरं घर चित्राच्या उलट असणार. दार उजवीकडे, खिडकी डावीकडे. म्हणजे डावीकडचं. हिशेब साधा होता. मी डावीकडच्या दाराशी गेले.

दाराला कुलूप होतं. कुलपावर धूळ होती. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर आत काही नव्हतं, भिंतीवर कॅलेंडरची खूण तेवढी होती.

म्हणजे गेलीच. आणि पट्टी? दोघींची घरं तिच्यावर कोरलेली होती, आणि पाऊस तोंडावर आला होता. मी ओट्यावर बसले. नर्सबाईंना काय सांगायचं ते मनात जुळवत होते, पण काही जुळत नव्हतं.

तेवढ्यात उजवीकडचं दार उघडलं. चाळिशीतली बाई, ओढणीने कपाळ पुसत.

"किसको ढूँढ रहे? पानी पियेंगे क्या?"

"द्या. या घरच्या भाभी कुठी गेल्या हो?"

माझं बोलणं ऐकून तीही मराठीवर आली. "गेल्या. गावाले गेल्या, पूर्ण सामान घेऊन. त्यायचे मिस्टर रिटायर झाले ना."

"महिना झाला?"

"झाला असन. काऊन? पैसे-बिसे राह्यले काय तुमचे?"

"पैसे नाई. एक रबर होतं माझं त्यांच्यापाशी."

पाण्याचा लोटा माझ्या हातात देता देता तिचा हात थांबला. "रबर?"

"कोरायचं. लांब पट्टी."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही वरोऱ्याच्या ताई तर नाई?"

मी हो म्हटलं. आणि मग मला कळलं, पण एकदम नाही. आधी कुलूपवाल्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पर्समधला ठसा काढून पाहिला. दार डावीकडे. तिचं दार डावीकडे.

"तुम्ही पलटवलं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलं ना ताई, पलटवून घेत जा म्हून!"

ती हसायला लागली, तोंडावर ओढणी धरून, आणि मला हसावं की रागवावं समजेना. "आन् तुम्ही त्याले पुन्हा पलटवलं? मनातल्या मनात? ऐ अल्ला!"

आत नेऊन तिने पंख्याखाली बसवलं. मी विचारलं, "फोन काऊन नाई उचलला?"

"बिघडला ताई. आवाजच नाई येत त्याले."

तेवढ्यात फळीवरच्या डब्यामागे फोन वाजला. चांगला मोठ्याने वाजला. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"आत्ताच सुधरला वाटते," ती म्हणाली आणि खाली पाहायला लागली.

मग तिने ट्रंकेतून जुन्या ओढणीत गुंडाळलेली पट्टी काढली. मी उलगडली. पहिल्या दोघींची घरं आपापल्या चौकटीत. तिसऱ्या चौकटीत तिने आपलं घर कोरलं नव्हतं. दोन्ही घरं कोरली होती, तिचं आणि कुलूप लावलेलं, मधे पूर्ण ओटा, ओट्यावर दोन सुपं. आणि तिची चौकट पुरली नव्हती. चित्र माझी पेन्सिलीची रेघ ओलांडून नर्सबाईंच्या चौकटीच्या मध्यापर्यंत गेलं होतं.

"हे काय केलं?"

"आता कसंही छापा ताई. डावं उजवीकडं जाऊ द्या, उजवं डावीकडं जाऊ द्या. उलटं होतच नाई." मग म्हणाली, "आन् हा ओटा आम्ही दोघीनं मिळून बांधला, त्यायनं आन् मी. अर्धा कसा दाखवू? तुम्हाले चाचणीच्या चित्रात अर्धा पाठवला, तं मले कसंतरीच वाटलं. पण कोरल्यावर ध्यानात आलं का जागा दुसऱ्याची घेतली. आता तुम्ही मोजसान, म्हून फोन नाई उचलला."

मी खरंच मोजत होते. बोटांनी मोजत होते. हे माझ्या त्या ओळीला उत्तर होतं, की शेजारणीसाठी होतं? मी तसं विचारलंही. ती म्हणाली, "दोन्ही असन." मग म्हणाली, "चहा घेता?" त्यावरून मला काही ठरवता येईना. रबर परत भरून येत नाही. कोरलं ते कोरलं. अर्धी चौकट नर्सबाईंना पाठवली तर त्या बिचाऱ्या नदीपलीकडे बसून अर्ध्या जागेत काय कोरतील? त्यांनी तर काही केलं नव्हतं.

"नवं रबर मागवा," माजरीची म्हणाली. "पैसे मी देते."

"नवं येईपर्यंत रस्ता बंद होईन."

"मंग?"

मग काय, हे मलाही माहीत नव्हतं. मी पट्टी उलटी धरली, सुलटी धरली. तिच्या चित्रात शेजारणीच्या दारावर कुलूप नव्हतं. दार उघडं होतं. इतकं बारीक काम मला जमलं नसतं.

"माझी चौकट नर्सबाईंना जाईन," मी म्हटलं. "पूर्ण. मला उरलेली अर्धी."

"तुम्हाले अर्धी? नियम तर तुमचाच!"

"म्हणूनच."

आम्ही दोघींनी तिच्याच घरी पट्टीला जुन्या साडीची घडी गुंडाळली, खोक्यात घातली. मी आत एक चिठ्ठी टाकली, नियम मोडून. 'उजवीकडची पूर्ण चौकट तुमची, अर्धी माझी.' टपाल कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं रबर. ती माझ्यामागून म्हणाली, घरं. त्याने दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक काहीतरी सांगा बाई." मी पुन्हा रबर म्हटलं. परतीच्या गाडीपर्यंत ती मला सोडायला आली, आणि रस्ताभर मला कोणत्या दारावर आधी गेले तेच पुन्हा पुन्हा विचारत हसत होती.

खोकं पाण्याआधी पोचलं. नर्सबाईंचा ग्रुपवर निरोप आला, "मिळालं. जोडघर लई छान. पण ताई, उजवीकडची म्हणजे रबराची उजवी का कागदाची उजवी?"

मी तो निरोप वाचला आणि मलाच आठवेना. चिठ्ठी लिहिली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रबर होतं की छापलेला कागद? रबरावर शेवटची चौकट डावीकडे येते, कागदावर उजवीकडे. मी लिहिलं, "कागदाची." मग पुसून लिहिलं, "रबराची." मग दोन्ही पुसलं आणि लिहिलं, "शेवटची चौकट." पाठवलं. निरोप गेल्याची एकच खूण आली, पोचल्याची दुसरी आली नाही. त्या दिवशी तिकडे जोराचा पाऊस सुरू झाला होता.

तीन दिवस झाले, ती खूण तशीच आहे. "आता तर टपालच नाई, फोनही नाई," आमचे हे म्हणाले, "स्वतःच जा म्हणजे झालं." मी कागदावर आखून पाहिलं. कोऱ्या राहिलेल्या दीड चौकटीत त्यांनी कोणत्याही बाजूने कोरलं तरी मला अर्धी चौकट उरते, एका कडेला उरेल किंवा मधे उरेल, पण अर्धीच. तिच्यात माझ्या घराचं दार मावतं. खिडकी मावते. दोन्ही मावत नाहीत. मी दोन्हीची चित्रं काढून ठेवली आहेत, पलटवून, आणि कोणतं कोरायचं ते अजून ठरत नाही.