एक्स-रे चाचा आणि सुहेलचा खांदा

आमच्या इथल्या आखातातल्या क्रिकेट संघाच्या मोठ्या भागीदाराने एक्स-रे चाचांना फसवलं. हे मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्या ऑफिसात त्याच्या तोंडावर बोललो आहे, तेव्हा इथे लिहायला मला कुणाची भीती नाही.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. मी फरशांचा व्यापारी, त्याच संघातला छोटा भागीदार. आमच्या लीगमध्ये नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. प्रत्येक संघ पाळीपाळीने एकेक पोरगा उचलतो. त्यासाठी कॉलेजांतली पोरं हेरायचं काम चाचांचं. ते चेंडूकडे फारसं बघतच नसत. षटक संपल्यावर गोलंदाज पाण्याची बाटली कुठल्या हाताने उचलतो, टोपी घालताना कुठे थबकतो, ते बघत आणि कुणाचं काय दुखतंय ते सांगत. म्हणून ते नाव पडलं. "चेंडू टाकताना सगळेच मर्द असतात, सावंत," ते म्हणायचे. "माणूस खरा दिसतो तो पाणी पिताना."

चुकायचेही. एका पोराचा गुडघा गेला म्हणून त्यांनी नाव कापलं, तर त्याला फक्त नवे बूट चावत होते. मी पोट धरून हसलो. "हस, हस! फरशा विकणाऱ्याला पाय काय कळणार?"

"चाचा, पाय फरशीवरच पडतात."

"यल्ला, चल, चहा सांग," म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यांचा एक नियम होता. खेळाडूतली खोट आधी खेळाडूला सांगायची, मग मालकाला, म्हणजे मोठ्या भागीदाराला. अल ऐनच्या विद्यापीठात शिकणारा सुहेल या वेगवान गोलंदाजाचा त्यांना असा लळा लागला की दर शुक्रवारी त्याला शारजाला घरी जेवायला बोलवत. चाची त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायची. तिथेच चाचांनी त्याला धरलं. "खांदा दुखतोय तुझा. लपवू नको. थोडा आराम मिळाला की तू सोनं आहेस. हे मी फक्त आमच्या मालकाला सांगेन, आणि पहिल्या फेरीत तुलाच घ्यायला लावेन. जबान देतो."

"ओके चाचा. आय ट्रस्ट यू," सुहेल म्हणाला. मी तिथेच जेवत होतो.

ड्राफ्टच्या दिवशी सुहेल आईवडिलांना घेऊन हॉलमध्ये बसला होता. फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आम्हीसुद्धा नाही. चाचा त्याच्याकडे निघाले, तर तो उठून आईवडिलांसह निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात घुसलो. मोठा भागीदार हसत म्हणाला, "सगळ्या संघांना मीच सांगितलं, एक्स-रे म्हणतो खांदा खलास. शेवटच्या फेरीत स्वस्तात घेणार होतो, पण तेवढ्यात चांगला विकेटकीपर दिसला. सावंतशेठ, माल घ्यायचा तर आधी नावं ठेवायची, ही तुमचीच शिकवण ना?"

मी नावं ठेवतो. आयुष्यभर ठेवली. पण विकणाऱ्याच्या समोर, माझ्या तोंडाने. दुसऱ्याच्या सचोटीवर मी कधी सौदा केला नाही. टेबलावर हात आपटून मी भागीदारी सोडली. चाचांना त्यातून काय मिळालं?

ते सुहेलला फोन करत राहिले. तो उचलत नव्हता. शुक्रवारी चाची भाकऱ्या करायची, चाचा दाराकडे बघत बसायचे. मैदानावर जाणं त्यांनी बंद केलं. "आता कुठल्या पोराला सांगू, लपवू नको म्हणून?" मग ते गावी गेले आणि तिथेच वारले.

मी सुहेलला कळवलं. खरं काय झालं तेही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, यू वेअर हिज फ्रेंड. तुम्ही असंच बोलणार. खांद्याचं चाचांनीच सगळ्यांना सांगितलं."

बरोबर आहे त्याचं. माझ्या साक्षीला किंमत नाही. साक्ष एकाच माणसाची चालेल. तेव्हा मोठे भागीदारसाहेब, गाडी काढा, अल ऐनला जा, त्या पोरासमोर बसा आणि सांगा, ते मी पसरवलं, चाचांनी नाही. चाचांना उत्तर द्यायची वेळ तुम्ही घालवली. सुहेलला देणार आहात की नाही?