शिंगाळ्याचा काटा

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. काल नातवानं खडेबाजारातून गळ आणला. त्याच्यासाठी गांडुळं उकरताना ओल्या मातीचा वास आला आणि काकतीच्या नदीकाठी बसलेली आक्का आठवली.

तिच्या गळाला पहिलाच मासा लागला होता, मिशा हलवणारा काळपट शिंगाळा.

"बोचंल काय रं?"

"न्हाय गं, घट्ट धर. भितीस व्हय?"

कल्ल्यामागचा काटा तिच्या तळहातात रुतला. मी पोट धरून हसलो.

मला मार बसू नये म्हणून तिनं घरी बाभळीचा काटा सांगितला. हात सुजला, दोन बोटं कायमची आखडली. शिवणकाम तिला पुन्हा जमलं नाही.

नातवाला मी आधी काटाच समजावला. आक्काला मात्र ती जाईपर्यंत एवढंही म्हणालो नाही, "आक्का, मला ठावं होतं. चुकलो."