खडक नव्हे, मुरूम

"किन्हवलीजवळच्या ओढ्यावरील पुलाचा पाया आज खडकावर बसला," हे वामनने सकाळी या ग्रुपवर दिलेले वृत्त चुकीचे आहे. पाया बसलेला नाही, आणि तो खडकही नव्हे.

मी तिथेच होतो. खांबासाठी घेतलेल्या खोल भोकाच्या तळातून काल निघालेला, उन्हात वाळलेला तुकडा मुकादमाने माझ्या हाती दिला.

"पक्का खडक हाय, काका. ठेवा आठवण म्हणून."

धूळ धुवावी म्हणून मी तो बादलीत सोडला. चहा संपेपर्यंत बादलीत केवळ तांबडा चिखल उरला होता!

"काका, खडक कुठं गेला?" मुकादमाने विचारले.

"तो खडक नव्हताच. मुरूम होता."

शेजारी उभ्या असलेल्या पुलाच्या इंजिनीअर बाईंचा चेहरा उतरला. ओढ्याकाठी आलेली काँक्रीटची गाडी त्यांनी परत पाठवली. "आणखी खोल जावं लागेल," एवढेच त्या म्हणाल्या.

याच पुलावरून माझी सून रोज शहापूरला जाणार आहे.

तारखा दुरुस्त करून घ्याव्यात :
खोदाई काल संपलेली नाही. ती चालू आहे.
काँक्रीट आज नव्हे, खरा खडक लागेल त्या दिवशी.
उद्घाटनाची फलकावरील तारीख बाईंच्या परवानगीने मी पुसली आहे. ती कोणीही पुन्हा लिहू नये.