कोऱ्या आलेखावरची टेकडी

मी रसायनशास्त्राचा माणूस. अंगात येणं, करणी, असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की उठून जाणारा. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

विद्यापीठाच्या नामांतराची धग असलेली वर्षं होती. वाळूजला कारखान्यांच्या नव्या शेडा उभ्या राहत होत्या आणि औरंगाबादेत आज कॉलेज भरेल की नाही, हे सकाळी फाटकाशी गेल्यावरच कळायचं. मी आणि प्रल्हाद एकाच प्रयोगशाळेत संशोधन करायचो. तो देवगाव रंगारीचा, आईवडील मजुरी करणारे, नामांतराच्या मोर्चात कायम पुढे. माझे वडील कोर्टात कारकून. आमच्या घरी नामांतराचा विषय निघाला तरी ते ताट सरकवायचे.

विषय असा होता - एक रेणू इलेक्ट्रॉन देणारा, दुसरा घेणारा. दोन्ही वेगवेगळे असताना फिके. एकत्र केले की क्षणात गडद रंग. देणारा थोडा बदलला की रंगही बदलतो. नारिंगी, लाल, जांभळा. प्रल्हादला त्याचं वेड होतं.

"पंत, हे पाणी अन् हे लिंबूसरबत," दोन नळ्या धरून तो मला म्हणायचा. "आता बघ... झालं का नाय जांभूळ?"

"पण जांभळं यातलं कोण?" मी एकदा विचारलं.

"कोणीच नाय. दोघं शेजारी बसले तरच दिसतं ते. एकाला उठवलं की गेलं."

ज्या दुपारी शहरात एसटीवर दगडफेक झाली, त्या दुपारी दोन ते पाच आम्ही रंग मोजणाऱ्या यंत्रावर बसलो होतो. त्या जांभळ्या द्रावणाचा आलेख निघत होता. पाचशे चाळीस नॅनोमीटरच्या आसपास रेघ टेकडीसारखी चढू लागली आणि ऐन माथ्यावर यंत्राच्या पेनाची शाई संपली. बोटभर जागा कोरी राहिली. मी घाईत शाई भरली, पुढची रेघ आली. प्रल्हादने कोपऱ्यात तारीख-वेळ टाकली, खाली दोघांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी दगडफेक करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. कॉलेजच्या चौकशी समितीपुढे तो शांतपणे म्हणाला, "मी प्रयोगशाळेत होतो. फाइलीत आलेख आहे."

फाइलीत आलेख नव्हता. यादी लागली त्या सकाळीच मी तो काढून घरी ट्रंकेत ठेवला होता. त्या प्रकरणात माझी सही नको होती... एवढंच कारण.

"तुम्ही होता का याच्याबरोबर?" समितीने मला विचारलं.

"मी ग्रंथालयात होतो, सर. सांगता येणार नाही."

माझ्या बोटांवर तेव्हाही शाईचे डाग होते. प्रल्हादने ते पाहिले. कॉलेजच्या पटावरून त्याचं नाव कमी झालं.

आठवड्याने मी यंत्रावर ब्लँक लावला. ब्लँक म्हणजे नुसतं द्रावक, दुसरं काहीच नाही. रेघ सपाट यायला हवी. पाचशे चाळीसला टेकडी आली. माथ्यावर बोटभर कोरी जागा. पेन मी नुकतंच काठोकाठ भरलं होतं.

नळी धुतली, द्रावक बदललं. तेच. प्रयोगशाळेतले शेखमामा म्हणाले, "उठ रे, मैं देखता." ते बसले, रेघ सपाट. "साफ तो है! तेरी नींद नहीं हुई क्या?" मी पुन्हा बसलो. टेकडी.

संशोधन सोडून मी वाळूजला रंगाच्या कारखान्यात लागलो. यंत्राचं काम कायम ज्युनिअरकडे ढकलत आलो. मागच्या वर्षी एक बॅच अडली, ज्युनिअर रजेवर. मीच बसलो. आता कागद नाही, पेन नाही, सगळं स्क्रीनवर. तरीही ती टेकडी... माथ्यावर तुटलेली. दुरुस्तीला आलेला इंजिनिअर चक्रावला. "सर, मी चालवलं की सगळं नॉर्मल. तुमच्या फाइलमध्ये माथ्यावरचे तेवढे आकडेच नाहीत."

त्या रविवारी आलेख घेऊन देवगाव रंगारीला गेलो. प्रल्हाद तिथल्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. पोरांच्या परीक्षानळ्या धुतो. त्याने आलेख उलगडला, कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"इतके दिस जपलास व्हय?"

"फाडायची हिंमत झाली नाही."

"अन् सांगायची?"

मी स्क्रीनवरच्या टेकडीचं त्याला सांगितलं. तो हसला नाही, दचकलाही नाही. आलेखाची घडी घालून माझ्याच हातात दिली. "मला कशाला? मी कुठं व्हतो ते मला ठावं व्हतं. ज्यानं इचारलं व्हतं त्याला सांग, पंत. बस, चहा टाकतो. तुला साखर लई लागती."

समितीत विचारणाऱ्यांपैकी आज कुणीच हयात नाही. म्हणून इथे सांगतोय.

लिहायला बसण्याआधी आज पुन्हा ब्लँक लावून पाहिला. टेकडी आहे. का, ते मला माहीत नाही. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. पण त्या दुपारी दोन ते पाच प्रल्हाद माझ्या शेजारच्या स्टुलावर होता. शाई मी भरली होती.